टोपड्यातल्या चिठ्ठ्या

"लेकरू कुणाचंय?" कॉपी पकडणाऱ्या स्कॉडमधला उंच माणूस वर्गाच्या दारातून तिसऱ्यांदा वरडला अन् माझा पेन अर्ध्या शब्दावरच थांबला. त्याच्या एका हातात माझ्या गुड्डीचं पिवळं टोपडं व्हतं, दुसऱ्या हातात चिठ्ठ्या. "गेटाबाहेर एक म्हातारा सापडलाय. मांडीवर लेकरू, लेकराच्या टोपड्यात इंग्रजीच्या चिठ्ठ्या. ह्या वर्गात त्याची आई कोण आहे? सरळ उभी राहा."

आई मीच व्हते. मी उभी न्हाई राह्यले.

बारावीचा इंग्रजीचा पेपर, मी तिसऱ्यांदा बसलेली, बाकीचे विषय समदे निघालेले, हे यकच राहिलेलं, अन् सासरच्या गावात अंगणवाडीची जागा निघालेली, बारावी पास पाहिजे म्हून. उभी राहिले असते तर नुस्ता पेपर न्हाई, कॉपी केस झाली असती, मग पुढं परीक्षेलाच बसू देत न्हाईत म्हणतात, अन् जागा कोणासाठी थांबती का. अन् खिडकीच्या बाहेर गुड्डी रडून राहिली व्हती. आठ महिन्याची. शंभर लेकरं रडू द्या, तिचं रडणं मी वळखते. दूध उतरलं, ब्लाउज वला झाला, मी पदर पुढं वढला अन् मान खाली घातली.

त्या चिठ्ठ्या मीच ठिवल्या व्हत्या टोपड्यात. सरांना ठाऊकच न्हवतं.

पण थांबा, आधी सर कोण ते सांगते, न्हाईतर तुम्हीबी त्या स्कॉडवानी समजताल.

मी उमरीकडची, दिलेली नायगाव तालुक्यात. आमचे हे टेम्पो चालवतात, केळी भरून हैदराबादला नेतात, म्हून गाव सोडून नायगावातच खोली केली. खोली सरांची. सर मूळचे मुरुडचे, लातूर जिल्ह्यातले. आख्खी नोकरी तिकडंच जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी शिकवण्यात गेली. बायकोचं माहेर नायगाव, रिटायर झाल्यावर तिच्या हट्टानं इथं घर बांधलं, अन् घर झाल्यावर दोन वर्षांत तीच वारली. राह्यले सर, पत्र्याच्या दोन भाड्याच्या खोल्या, अन् इंग्रजीचं व्याकरण.

गल्लीत त्यांचं नाव कोणालाच म्हाईत न्हवतं. क्लॉजवाले सर. पाव्हणेरावळे विचारायचे, क्लॉज म्हंजे काय दुकान हाय का? पलीकडच्या मावशी सांगायच्या, "न्हाई वो, सरांना झालेला रोग हाय त्यो, त्याला औषध न्हाई."

लग्नसराई संपली की गल्लीतल्या समद्या पत्रिका सरांकडं जायच्या. कोणी टाकूनच देत न्हवतं, दारात ठिवून जायचं. सर कातर घेऊन वसरीला बसायचे अन् पत्रिकांच्या बोट बोट रुंद पट्ट्या कापायचे. गुलाबी पट्टीवर इंग्रजी वाक्याचा अर्धा भाग, पांढऱ्यावर उरलेला, त्या अर्ध्या भागालाच ते क्लॉज म्हणायचे. अन् मग सेफ्टी पिना. पट्ट्या कुठंबी टाचायचे. वाळत घातलेल्या चादरीला, म्हशीच्या दाव्याला, दूधवाल्याच्या पिशवीला. दूधवाला एकदा पाठीवर "इफ इट रेन्स" लावून आख्ख्या बाजारातून फिरून आला अन् त्याला कोणी सांगितलंबी न्हाई.

मला पैल्यांदा शिकवलं तेबी तसंच. मी आंगणात लंगोट पिळून राहिले व्हते.

"ए बाळंतीण, इकडं ये."

लेकरू आठ महिन्याचं झालं तरी सर मला बाळंतीणच म्हणायचे. अन् गुड्डीला मॅडम. "मॅडमनी दूध घेतलं का? मॅडमचा आज मूड कसा आहे?" असं.

"काय सर?"

"इंग्रजीत दोनदा नापास झालीस म्हणं. कशात गेलीस?"

"समद्यातच सर. वाक्य लांब आलं की मला भ्याव वाटतंय. कुठून धरावं तेच कळत न्हाई."

सर हासले न्हाईत. माझ्या खांद्यावर एक पांढरी पट्टी टाचली, "वेन द बस केम." सोत्ताच्या सदऱ्यावर गुलाबी लावली, "आय वॉज स्लीपिंग." मग म्हणले, "चाल, दारापर्यंत एकटी जा अन् मोठ्यानं वाच." मी गेले, वाचलं. सर म्हणले, "जेव्हा बस आली. आली, मग काय? माणसं तोंडाकडं बघून राहतील का नाही? आता इकडं ये, माझ्याजवळ उभी राहा. हां. आता झालं. मी झोपलो होतो. मला तू नसलीस तरी चालतं. तुला मी नसलो तर नाही चालत."

अन् मग ते चुलीचं सांगितलं. म्हणले, लांब वाक्याला भ्यायचं नाही, आधी क्रियापदं मोजायची. दोन क्रियापदं दिसली की समजायचं घरात दोन चुली आहेत. मग बघायचं, कोणती चूल आपल्या काडीनं पेटते अन् कोणती शेजारणीकडून इस्तू मागून आणते. मागून आणणारीच्या तोंडाशी बघ, काहीतरी शब्द हमखास असतो, बिकॉज, वेन, इफ, दॅट. तिच्या हातातलं इस्तूचं खापर म्हण त्याला.

मला शाळेत इतकी वर्षं कोणी असं सांगितलं न्हवतं. आमच्याकडं इंग्रजीचे मास्तर फळ्यावर लिवायचे अन् आम्ही उतरवून घ्यायचो, ते काय हाय ते त्यांनाबी न्हवतं सांगायचं अन् आम्हालाबी न्हवतं विचारायचं. त्या दिवसापास्नं मी भाकरी थापताना, धुणं धुताना चुली मोजायला लागले. आमचे हे म्हणायचे, "येडी झाली का, काय पुटपुटूलालीस?"

सरांचा खरा रोग मात्र वेगळा व्हता. कोणी अर्धं बोललेलं त्यांना चालतच न्हवतं. भाजीवाली म्हणायची, "भाव वाढले म्हून..." अन् गिऱ्हाइकाकडं वळायची. सर तिथंच उभे. "म्हणून काय?" ती म्हणायची, "काय न्हाई सर." "काय न्हाई कसं? म्हणून म्हणालीस ना? पुरं कर." शेवटी ती बिचारी काहीबी म्हणायची, म्हून मी आज मेथी आणली न्हाई, तवा सर पुढं सरकायचे.

एकदा तर स्टँडावर एक माणूस फोनवर कोणाला तरी बोलून राह्यला व्हता, "जर तू आली न्हाईस तर..." अन् तेवढ्यात देगलूरची यश्टी लागली, माणूस फोन खिशात घालून चढला. सरबी चढले! तिकीट काढून. देगलूरपर्यंत त्याच्या शेजारी बसून गेले. माणूस भ्यायला, त्याला वाटलं पोलीस हाय. उतरल्यावर सरांनी विचारलं, "ती नाही आली तर काय?" माणूस म्हणला, "तर मीबी तिच्या भावाच्या लग्नाला जाणार न्हाई, पण तुम्ही कोण?" सर म्हणले, "कोणी नाही, बसा," अन् परतीच्या गाडीनं घरी आले. संध्याकाळी पायरीवर बसून चुरमुऱ्याचा सुशीला खाता खाता मला सांगितलं, लई खूश व्हते.

आता हे ऐकून तुम्ही हासताल, आम्हीबी हासायचो. पण सरांची आणखी एक गोष्ट व्हती, तिला कोणी हासत न्हवतं.

परीक्षा आली की सरांच्या अंगात यायचं. आमच्याकडच्या सेंटरवर काय चालतंय ते तुम्हाला काय सांगायचं, भिंतीला शिड्या लावतात, खिडकीतून कागद, वरून भाऊ, खालून मामा. सर कोणी बोलावलेलं नसताना गेटावर जाऊन उभे ऱ्हायचे अन् आईबापांना शिव्या घालायचे. "लेकराला भीक मागायला शिकवूलालाव का रे?" एकदा कोणी ढेकूळ फेकून मारलं, कपाळाला टाका पडला. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून परत हजर.

असं का, ते मला मावशींनी सांगितलं. सरांचा एक मुलगा हाय, एकुलता. तो दहावीला असताना मुरुडात पेपर चालू व्हता अन् त्याच्या वर्गावर जे मास्तर यायचे ते आलेच न्हाईत, म्हून सरांना पाठवलं. पोरानं बापाला बघितलं अन् त्याला वाटलं आता काय भ्यायचं न्हाई. मोज्यातून चिठ्ठी काढली. सरांनी त्याच्या हातातून चिठ्ठी घेतली, पेपर घेतला, अन् रिपोर्ट सोत्ताच्या हातानं लिवला. पोराचं वर्ष गेलं. तो पुढं शिकला, पुण्यात चांगली नोकरी हाय, पण बापाशी बोलत न्हाई. आई मेली तवा आला, खांदा दिला अन् तिसऱ्या दिवशी गेला. मावशी म्हणायच्या, "तिनं मरेस्तवर नवऱ्याला जेवायला वाढलं, पण त्या गोष्टीपायी कवा हासून वाढलं न्हाई."

मी सरांना एकदा धीर करून इचारलं व्हतं. "सर, तुम्हाला ठाऊक होऊन बी तुम्ही नुस्तं बाजूला बघितलं असतं तर?"

सर पट्टी कापत व्हते. म्हणले, "बाजूला बघायला आधी न दिसलेलं पाहिजे. मला दिसलं होतं."

बस, एवढंच.

तर पेपरचा दिवस. आमचे हे रात्रीच येणार व्हते, पण गाडी कामारेड्डीच्या पुढं फेल झाली. सासू गावाकडं, तिला उतरायला दुपार झाली असती. मी रडायला आले, गुड्डीला घेऊन पेपरला कसं बसू. सर इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले. "मी धरतो. मॅडमची अन् माझी ओळख आहे."

सेंटर गावाबाहेर, रोडवरचं कॉलेज. आम्ही ॲटोत बसलो, मी गुड्डीला पाजून घेतलं, अन् मधी मधी कमरेला खोसलेल्या तीन पट्ट्या काढून वाचून राहिले. कॉपी करायला न्हाई, देवाशप्पत न्हाई, नुस्त्या वाचायला, हातात काहीतरी असावं वाटतं ना तसं. गेटाशी आलो तर तिथं बायका पोलीस, एकेकीला चाचपून आत सोडून राहिल्या व्हत्या. माझ्या पुढच्या पोरीच्या कमरेतून कागद निघाला, तिला बाजूला उभं केलं. पट्ट्या फेकाव्या तर समद्यांच्या डोळ्यादेखत, गिळाव्या तर पत्रिकेचा जाड कागद. सरांना द्याव्या तर सरांनी तिथंच चारचौघांत माझं पाणी केलं असतं, परीक्षेच्या गेटापर्यंत चिठ्ठी आणलीस म्हून. मग मी गुड्डीचा मुका घ्यायचं निमित्त केलं अन् तिन्ही पट्ट्या तिच्या टोपड्याच्या आत सारल्या, अस्तराला चीर व्हती तिथं. अन् लेकरू सरांच्या हातात दिलं. "टोपडं काढू नका सर, वारं लागतंय," म्हणले.

सर म्हणले, "तू जा. क्रियापदं मोज."

पुढचं मला नंतर ॲटोवाल्यानं सांगितलं. ऊन चढलं, गुड्डीनं सोत्ताच टोपडं वढून काढलं अन् झटकलं. पट्ट्या पडल्या. गेटावर आईबापांची गर्दी व्हती, ज्यांना सर दरसाल शिव्या घालायचे तीच. एकानं पट्टी उचलली अन् बोंबललाच, "अरे या, या, बघा! क्लॉजवाले सर लेकराच्या टोपड्यात माल घेऊन बसलेत!" दुसरा म्हणला, "आम्हाला भिकारी म्हणायचा, आता काय म्हणतोस रे म्हाताऱ्या?" मोबाईल निघाले. तेवढ्यात स्कॉडची जीप.

ॲटोवाला म्हणला, सरांनी खाली पडलेली पट्टी बघितली. सोत्ताचंच अक्षर. मग टोपड्याच्या चिरीकडं बघितलं, मग लेकराकडं, मग कॉलेजाकडं. "लई टाइम बघितलं वयनी. अन् मग स्कॉडवाल्याला म्हणले, माझी नात आहे. ह्या सेंटरवर माझं कोणी नाही."

सरांना खोटं बोलताना मी कवाच ऐकलं न्हवतं. कोणीच ऐकलं न्हवतं.

अन् मी आत बसलेली. उंच माणूस म्हणत व्हता, "म्हातारा म्हणतो सेंटरवर कोणी नाही. मग चिठ्ठ्या काय लेकरू वाचतंय का?" वर्ग हासला. मीबी हासले. खरं सांगते, समदे हासले म्हून मीबी दात काढले. शेजारच्या बाकावरची पोरगी माझ्या वल्या पदराकडं बघून राहिली व्हती, तिनं तोंड फिरवलं. उंच माणूस एक एक बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघत रांगेतून चालला. माझ्याजवळ थांबला. "लेकरं किती?"

"एक साहेब."

"कुठंय?"

"सासूकडं, गावाकडं."

तो गेला. वर्गावरच्या मॅडम माझ्या बाकापाशी आल्या, वाकून हळूच म्हणल्या, "टाइम चाललाय. लिही." त्यांना कळलं का न्हाई ते मला अजून म्हाईत न्हाई.

मी लिवलं. अर्धा पेपर राहिला व्हता, तो लिवला. बाहेर गुड्डी रडत व्हती तवर हात चालला, ती गप झाली तवा मात्र चालंना. रडतंय म्हंजे हाय तरी. गप झालं म्हंजे काय? कुठं नेलं? माझं डोकं दाराकडं अन् हात कागदावर, अन् तरी लांब वाक्यं आली ती बरोबर तोडली बघा, चुली मोजल्या, खापर वळखलं, एकबी चुकलं न्हाई. माझी मलाच किळस आली.

पेपर देऊन पळत बाहेर आले तर सर जीपच्या मागल्या शिटावर, गुड्डी मांडीवर झोपलेली, तोंडाला बिस्किट लागलेलं. कोण्या पोलीसबाईनं पाण्यात कालवून चारलं व्हतं. सरांच्या सदऱ्याची बटणं तुटली व्हती. मी जवळ गेले तसं त्यांनी मला बघितलं अन् नजर दुसरीकडं नेली. पोलीसबाईला म्हणले, "ही शेजारची पोरगी. हिच्याकडं द्या लेकरू, घरी पोचवील."

मी हात पुढं केले. अन् गुड्डी जागी झाली, मला बघितलं अन् अशी झेपावली, पदराखाली तोंड घालून धुंडायलाच लागली. पोलीसबाईनं बघितलं. माझा वला ब्लाउज बघितला, माझ्या हातातलं हॉलतिकीट बघितलं. मी मेलेच म्हणले.

"जा बाई," ती म्हणली. "शेजारीण हायस ना? जा जल्दी."

सरांना संध्याकाळी सोडलं, कागदावर सही घेऊन. पण व्हिडिओ तवर आख्ख्या तालुक्यात गेला व्हता. सरांचं तोंड, त्यांच्या सदऱ्यात खुपसलेलं माझ्या लेकराचं अर्धं तोंड, हातात पट्ट्या, अन् मागून लोकांचं हासणं. शिकवणीला पाच पोरं यायची, ती यायची बंद झाली. दूधवाला दारात दूध ठिवून हाक न मारता जाऊ लागला. मावशींनी मला इचारलं, "ते टोपडं गुड्डीचंच व्हतं ना गं?" मी म्हणले, "पिवळी टोपडी काय एकच असत्यात का?"

चार दिवसांनी मी धीर केला. सर वसरीला बसले व्हते, कातर न्हाई, पत्रिका न्हाई, मोकळेच.

"सर, त्या पट्ट्या मी..."

"बोलू नकोस," सर म्हणले. इतकं जोरात की गुड्डी दचकली. "एक शब्द बोलू नकोस. तू सांगितलंस की मला ठाऊक झालं. मला ठाऊक झालं की मला लिहून द्यावं लागेल. मला अजून कोणी सांगितलेलं नाही."

मग सर म्हणले, "पेपर पुरा लिहिलास?"

"हाव सर."

"बरं. महिनाअखेर खोली खाली करा. तुझं तोंड दिसलं की माझा हात कागदाकडं जातो."

लोक सरांना देवमाणूस म्हणतील हे ऐकून. तसलं काही न्हवतं. त्यानंतर ते माझ्याशी नळावरबी बोलले न्हाईत, गुड्डी रांगत त्यांच्या उंबऱ्यापाशी गेली तर दार लावून घ्यायचे. आत बसून खोकायचे. मी दाराबाहेरून लेकरू उचलून आणायचे.

खोली सोडायच्या आठ दिवस आधी दुपारी त्यांचा फोन वाजला. पत्र्याची भिंत, पलीकडं कप ठिवला तरी ऐकू येतंय. सर इतक्या घाईनं उठले की खुर्ची पडली. "बोल बाळा," म्हणले. सरांना ऐकू कमी यायचं म्हून फोनचा आवाज लई मोठा ठिवायचे, त्यामुळं पलीकडचाबी आवाज आला. "व्हिडिओ बघितला बाबा. माझं वर्ष घालवलंत. आईचं आयुष्य घालवलंत. अन् आता कोणाच्या तरी पोरासाठी टोपड्यात चिठ्ठ्या नेता? माझ्यासाठी नुसतं बाजूला बघायला येत नव्हतं तुम्हाला?"

मी भिंतीला हात लावून उभी. मनात म्हणले, सांगा, सांगून टाका सर. सरांनी काहीच सांगितलं न्हाई. फोन बंद झाला, अन् पडलेली खुर्ची सरळ करून ते परत बसले, तेवढंच ऐकू आलं.

आम्ही गेलो. सरांनी घराला कुलूप लावलं अन् मुरुडला गेले, भावकीत एक खोली हाय तिथं. मी पास झाले. इंग्रजीत मला माझ्या जन्मात मिळाले न्हाईत तेवढे मार्क पडले. जागाबी मिळाली. आता मी शाळेच्या बाजूच्या खोलीत वीस लेकरं सांभाळते, खिचडी शिजवून घेते, वजनं करते, रजिस्टर भरते. सासू गावात ताठ चालती. आमचे हे टेम्पोवर लेकीचं नाव घालणार म्हणतात. अन् मी मात्र कोणाची जीप वाजली तरी पळत दारात जाते, आलं का कोणी म्हून.

परवा आलंच.

दुपारची खिचडी वाढून राहिले व्हते. आत खुर्चीवर आमच्या सुपरवायझर मॅडम रजिस्टर तपासत व्हत्या. दारात एक माणूस उभा, चाळिशीचा, कपाळ सरांचं, उभं ऱ्हायची ढब सरांची. मी बघताच वळखलं.

"तुम्ही नायगावला बाबांच्या खोलीत राहत होतात ना?"

"हाव."

"आईच्या नावावरचं घर विकायला आलो होतो. गल्लीतल्या मावशींनी तुमचं गाव सांगितलं. म्हणाल्या, काही माहीत असलं तर तुम्हालाच असेल." त्यानं घाम पुसला. "व्हिडिओत बाबा म्हणतात, माझी नात आहे. मला मूल नाही. ते लेकरू कोणाचं होतं?"

गुड्डी खिचडीचे हात घेऊन आली अन् माझा पदर धरून उभी राह्यली. तीन वर्षांची झाली आता, त्या व्हिडिओतल्यावानी दिसत न्हाई. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठिवला.

"मला भांडायचं नाही कोणाशी," तो म्हणला. "मुरुडला जायचं की नाही ते ठरत नाही, एवढंच. बाबांनी कोणाला तरी कॉपी पुरवली असेल तर मला त्यांचं तोंड बघायचं नाही. अन् नसेल पुरवली, तर मी त्यांना फोनवर जे बोललो..."

आतून मॅडमनी हाक मारली, "बाई, कोण आलंय? पटावर एक लेकरू कमी कसं दिसतंय?"

"आले मॅडम," मी म्हणले. अन् त्याच्याकडं बघून म्हणले, "मला काय ठाऊक न्हाई दादा. आम्ही तवा गावाकडं व्हतो."

त्यानं मान हलवली. खिशातला कागद काढून नंबर लिवून दिला, आठवलं तर सांगा म्हणला. अंगणवाडीच्या दारातून फाटा दिसतो. लातूरची, म्हंजे मुरुडाकडची, गाडी आली, तो दोन पावलं पुढं गेला, मागं आला. गाडी सुटली. मग नांदेडची आली, त्याच्यात बसला.

आज तिसरा दिवस हाय. नंबर तेलाच्या डब्याखाली ठिवलाय, आमच्या यांनी बघितला तर म्हणतात जाळून टाक. फोन लावला तर तो मुरुडला जाईल, पण मग तो गप ऱ्हाईल का, सर गप ऱ्हातील का? सरांना कळलं की त्यांचा हात कागदाकडं जाणार, ते त्यांनीच सांगितलंय, अन् माझी बारावी जाईल, जागा जाईल, गुड्डीचा बाप तर मला घराबाहेरच काढंल. न्हाई लावला तर सर तिथं एकटे, अन् पोरगा पुण्यात, अन् दोघांच्या मधी मी खिचडी वाढून राहिले.

तुम्ही शिकलेली मान्सं. मला खरं सांगा, त्या दिवशी तुम्ही बाकावरून उठला असता का? अन् न्हाई उठला असता, तर आज फोन लावला असता का?